चित्राचें माप आणि पडद्याची चौकट

चित्र आधीं आणि चौकट मागाहून, हा क्रम कित्येक पिढ्या चालत आला. घरांतील वडीलधाऱ्या माणसाचें छायाचित्र काढून आणावें, तें किती लांबरुंद आहे हें पाहून कांच कापावी, लाकडी पट्ट्या जोडाव्या आणि मग भिंतीवर खिळा ठोकावा. चौकट करणारा कारागीर चित्राचें माप घेई आणि त्याप्रमाणें चौकट बनवी. आज हा क्रम उलटला आहे. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप अशा समाजमाध्यमांनीं आपापल्या चौकटी आधींच करून ठेवल्या आहेत व चित्रानें त्यांत मावावें अशी त्यांची अपेक्षा असते. जें मावत नाहीं तें कापलें जातें, नाहींतर चित्राच्या दोन बाजूंस रिकामे पट्टे उमटतात. कापलेला भाग आकाशाचा किंवा भिंतीचा असला तर कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. परंतु तो भाग सभेच्या तारखेचा असला, अथवा रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाचा असला, तर मात्र चित्र पाठविण्याचा हेतूच फसतो.

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील रिठद हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. अशा गांवांतून फोनवर जाणाऱ्या चित्रांचे तीन प्रकार सहज डोळ्यांसमोर येतात. शाळेच्या संमेलनांतील मुलांचें सामुदायिक छायाचित्र हा पहिला. भिंतीवर लावलेल्या सूचनापत्रकाचें छायाचित्र हा दुसरा. आणि रोग पडलेल्या सोयाबीनच्या पानाचें छायाचित्र हा तिसरा. पहिल्यांत माणसें महत्त्वाचीं, दुसऱ्यांत अक्षरें आणि तिसऱ्यांत पानावरील बारीक चट्टे. तिन्ही चित्रें एकाच फोननें काढलेलीं असलीं, तरी तिन्हींना एकच माप लावतां येत नाहीं. शहरांतील घरांचीहि हीच गोष्ट आहे. लग्नपत्रिका, सोसायटीची सूचना आणि वैद्यांकडे पाठविलेलें औषधाच्या चिठ्ठीचें चित्र, हीं तीन तीं तीनच होत.

माप या एकाच शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेंच पुष्कळसा घोटाळा होतो. त्यांतील भेद ठिपक्यांच्या रांगोळीवरून चांगला समजतो. आडव्या ओळींत किती ठिपके आणि उभ्या ओळींत किती, यावरून रांगोळीचा आकार ठरतो. ती चौरस होणार कीं लांबट, हें त्यावर अवलंबून असतें. एकंदर ठिपके किती, यावरून तिच्यांत किती बारीक नक्षी मावेल तें ठरतें. पडद्यावरचें चित्रहि असेंच बारीक चौकोनी ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. रुंदी व उंची यांचें एकमेकांशीं असलेलें नातें म्हणजे प्रमाण, आणि ठिपक्यांची संख्या म्हणजे चित्राचा बारकावा. प्रमाण चुकलें तर चित्राचा कांठ जातो. ठिपके कमी पडले तर चित्राचा तपशील जातो. पहिली हानि लगेच डोळ्यांना दिसते, दुसरी कोणी चित्र मोठें करून पाहूं लागला म्हणजेच कळते.

प्रमाणाचा प्रश्न फोनबरोबर जन्मलेला नाहीं. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. त्याच्याहि आधीं, १८७८ सालीं, पुण्यास चित्रशाळा छापखाना सुरू झाला होता. अशा छापखान्यांतून निघालेल्या देवादिकांच्या चित्रांनीं महाराष्ट्रांतील घरांच्या भिंती सजल्या. त्यांतील लक्ष्मी आणि सरस्वती उभ्या चौकटींत आहेत, कारण मस्तकावरील मुकुटापासून पायांखालील आसनापर्यंत सारी मूर्ति दिसावी हा त्या चित्रांचा हेतु. लग्नांतील मंडळींचें छायाचित्र मात्र आडवें असे, कारण माणसें शेजारीं शेजारीं बसतात. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथें लोकांसमोर आला, तेव्हां मूकपटांची चौकट चारास तीन या प्रमाणाची होती. म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. तेंच प्रमाण आजच्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यांत टिकून आहे. १९२५ सालीं बाजारांत आलेल्या लायका कॅमेऱ्यानें तिनास दोन हें प्रमाण रूढ केलें. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्यें निघालें तेव्हां त्यानें फक्त चौरसच मान्य केला होता. उभ्या-आडव्या चित्रांना तेथें ऑगस्ट २०१५ मध्यें वाव मिळाला. कोणतीहि चौकट निसर्गानें नेमून दिलेली नाहीं. ती यंत्राच्या, धंद्याच्या किंवा पाहणाऱ्याच्या सोयीनें ठरते आणि सोय बदलली कीं बदलते.

आजच्या चौकटी मुख्यतः पांच आहेत असें म्हणतां येईल. त्यांत पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा उंचीचा समजावा. चौरस चित्रास १०८० बाय १०८० पिक्सेल हें माप चालतें. इन्स्टाग्रामवरील उभ्या चित्रास चारास पांच या प्रमाणाचें १०८० बाय १३५० हें माप आहे. मे २०२५ पासून तेथें तिनास चार, म्हणजे १०८० बाय १४४०, हेंहि घेतलें जातें. फोनचा सबंध पडदा व्यापणाऱ्या स्टेटस, स्टोरी, रील या प्रकारांस नवास सोळा, म्हणजे १०८० बाय १९२०, हें अरुंद व उंच माप लागतें. यूट्यूबवरील चित्रफितीच्या दर्शनी चित्रास सोळास नऊ, म्हणजे १२८० बाय ७२०, असें आडवें माप असतें. आणि फेसबुकवर एखादा दुवा दिला असतां त्याखालीं जें चित्र दिसतें त्यास १२०० बाय ६३० हें, रुंदी उंचीच्या जवळजवळ दुप्पट असलेलें, माप योग्य ठरतें. हे आंकडे पाठ करण्याची आवश्यकता नाहीं. चौरस, थोडी उभी, अगदीं उभी, आडवी आणि फार आडवी, एवढ्या पांच आकृति ध्यानांत राहिल्या तरी काम भागतें. आंकडे पाहिजेत तेव्हां पाहतां येतात.

आतां शाळेच्या छायाचित्राचा हिशेब करून पाहावा. फोन आडवा धरून काढलेलें चित्र ४००० पिक्सेल रुंद व ३००० उंच आहे असें समजूं. तें चौरसांत बसवावयाचें तर ३००० बाय ३००० एवढेंच उरतें. चौथा हिस्सा गेला. तें चारास पांच या उभ्या चौकटींत घातलें तर रुंदी २४०० उरते. शंभरांतील चाळीस भाग गेले. नवास सोळा या अगदीं उभ्या चौकटींत तर रुंदी १६८८ पेक्षां अधिक राहत नाहीं, म्हणजे निम्म्याहून अधिक चित्र नाहींसें होतें. वीस मुलें एका रांगेंत कांठापासून कांठापर्यंत सारख्या अंतरावर उभीं असलीं, तर चौरसांत त्यांपैकीं पंधरा उरतील, उभ्या चौकटींत बारा आणि स्टेटसच्या पडद्यावर जेमतेम आठ. गुरुजी मध्यभागीं असतात, ते प्रत्येक वेळीं वांचतात. जातात तीं टोकाचीं मुलें. आपलें मूल कोठें दिसतें हें पाहण्यासाठीं ज्या आईनें फोन हातांत घेतला, तिच्या दृष्टीनें त्या चित्रांत कांहींच उरलेलें नसतें.

यावर उपाय दोन. पहिला चित्र काढण्यापूर्वींचा. चित्र उभ्या चौकटींत जाणार हें ठाऊक असेल, तर मुलांना एका लांब रांगेंत उभें न करतां शाळेच्या पायऱ्यांवर चार-पांच ओळींत बसवावें. समूहच मुळांत चौरसासारखा होतो व कोणाचाहि बळी जात नाहीं. दुसरा उपाय मागाहूनचा. चित्र न कापतां तें सबंध आडवें चित्र उभ्या चौकटीच्या मध्यभागीं ठेवावें आणि वरखालीं उरलेल्या जागेंत साधा रंग भरून शाळेचें नांव व साल लिहावें. चित्र लहान दिसेल हें खरें. परंतु लहान दिसणें आणि न दिसणें यांत मोठें अंतर आहे.

सूचनापत्रकाची अडचण वेगळी. कचेरीत वापरला जाणारा ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. तो उभा असल्यामुळें उभ्या चौकटींत नीट बसेल अशी पुष्कळांची समजूत असते. पण चारास पांच या चौकटीची उंची रुंदीच्या सव्वापट, आणि कागदाची जवळजवळ एक पूर्णांक एकेचाळीस शतांशपट. कागदाची सबंध रुंदी राखली तर उंचीपैकीं २६२ मिलिमीटरच मावतात. वरून १७ व खालून १७ मिलिमीटर कापले जातात. वरच्या १७ मिलिमीटरांत बहुधा कचेरीचें नांव असतें, खालच्या १७ मिलिमीटरांत सही आणि तारीख. ग्रामसभेची सूचना कोणाच्या सहीची आणि कोणत्या दिवसाची, हेंच जर दिसलें नाहीं तर बाकीचा मजकूर वाचून उपयोग काय? म्हणून पत्रकाचें चित्र काढतांना कागदाभोंवतीं सर्व बाजूंनीं थोडी भिंत दिसूं द्यावी. कापणाऱ्या यंत्रास कापावयाचेंच असेल तर त्यानें भिंत कापावी. नवें पत्रक तयार करावयाचें असेल, तर तें पाठविण्याच्या चौकटीच्या मापांतच मांडावें आणि महत्त्वाचा मजकूर मधल्या भागांत ठेवावा.

सबंध पडदा व्यापणाऱ्या चित्रांतहि कांठाचा भरंवसा धरतां येत नाहीं. तेथें वरच्या बाजूस पाठविणाराचें नांव आणि खालीं उत्तर लिहिण्याची जागा चित्रावरच येऊन बसते. वरून व खालून प्रत्येकीं सुमारें सातवा हिस्सा मजकुराविना ठेवणें हा सुरक्षित मार्ग होय. रीलमध्यें खालच्या बाजूस याहून अधिक जागा सोडावी. यूट्यूबच्या दर्शनी चित्राच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यांत चित्रफितीची लांबी दाखविणारा लहान काळा चौकोन येतो; वक्त्याचें नांव तेथें लिहिलें तर तें झांकलें जातें. ओळखचित्र बहुतेक माध्यमांवर वर्तुळांत दाखविलें जातें. चौरसांत बसणारें मोठ्यांत मोठें वर्तुळ काढलें तर चौरसाच्या शंभर भागांपैकीं सुमारें साडेएकवीस भाग चार कोपऱ्यांतून बाहेर पडतात. दुकानाच्या नांवाची पाटी या चौरसांत कांठापर्यंत पसरून लिहिली असेल तर तिचीं पहिलीं व शेवटचीं अक्षरें त्या कोपऱ्यांबरोबर जाण्याचा संभव असतो. ओळखचित्रासाठीं चेहरा किंवा चिन्ह मध्यभागीं आणि आंतल्या वर्तुळांत राहील असेंच घ्यावें.

कधींकधीं एकच विषय दोन अगदीं निरनिराळ्या चौकटी मागतो. विदर्भांतीलच लोणारचें सरोवर पाहावें. उल्कापातानें बेसाल्ट खडकांत पडलेल्या त्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आणि खोली सुमारें दीडशें मीटर. आकाशांतून पाहिलें तर तें गोल दिसतें व चौरसांत नीट बसतें. कांठावर उभें राहून पाहिलें तर रुंदी खोलीच्या बारा पट. तें दृश्य आडव्या चौकटीवांचून मावत नाहीं. जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां त्याचीं चित्रें हजारों फोनवर फिरलीं. अशा वेळीं उभ्या चौकटींत नुसती गुलाबी पट्टी आणि वर आभाळ एवढेंच आलें तर तें पाणी एका मोठ्या विवरांत आहे हें कोणाच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. कांठावरचें एखादें झाड किंवा उभा माणूस जवळ घेऊन मागें सरोवर दिसूं दिलें, म्हणजे उभ्या चौकटीलाहि अर्थ येतो आणि विस्ताराची कल्पनाहि येते.

येथवर प्रमाणाचा विचार झाला. बारकाव्याचा विचार सोयाबीनच्या पानावरून करतां येईल. रिसोड तालुक्यांतच करडा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. पिकाच्या रोगाबद्दल अशा केंद्राचा सल्ला शेतकरी घेतात, आणि पानाचें छायाचित्र फोनवरून दाखविणें ही आतां सर्वत्र रूढ झालेली रीति आहे. पान पिवळें पडण्याचें कारण पांढऱ्या माशीनें पसरविलेला पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग असूं शकेल, किंवा जमिनींतून लोह न मिळणें हेंहि असूं शकेल. लोहाच्या अभावीं कोंवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. मोझॅकमध्यें पिवळे व हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात. हा भेद ओळखावयाचा तर शिरा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. त्या न दिसल्यास सल्ला चुकण्याचा आणि नको तें औषध फवारलें जाण्याचा धोका असतो. त्यांत पैसा जातो व हंगामहि जातो.

आतां ठिपक्यांचा हिशेब. शेताच्या बांधावरून काढलेल्या ४००० पिक्सेल रुंदीच्या चित्रांत एका पानानें रुंदीचा दहावा हिस्सा व्यापला, तर पानाच्या वांट्यास ४०० पिक्सेल आले. पानाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा चट्टा असेल तर त्यास दहाच मिळाले. संदेशाचें माध्यम चित्र लौकर पोंचावें म्हणून तें लहान करून पाठवितें. समजा, रुंदी १६०० पिक्सेलवर आली. तर पान १६० चें आणि चट्टा केवळ चार पिक्सेलचा उरला. चार ठिपक्यांत शीर कोणती आणि डाग कोणता, हें अनुभवी डोळ्यालाहि सांगतां येणार नाहीं. तेंच पान जवळ घेऊन त्यानें चित्राची निम्मी रुंदी व्यापली, तर चित्र तितकेंच लहान झाल्यावरहि चट्ट्यास वीस पिक्सेल मिळतात. म्हणजे कांहीं खर्च न करतां, नुसतें दोन पावलें पुढें जाऊन, बारकावा पांचपट झाला. एक चित्र सबंध झाडाचें, एक पानाच्या वरच्या अंगाचें व एक खालच्या अंगाचें, अशीं तीन पाठवावीं. व्हॉट्सॲपमध्यें ऑगस्ट २०२३ पासून अधिक बारकाव्यानें चित्र पाठविण्याची सोय झाली आहे, आणि चित्र दस्तऐवज म्हणून पाठविलें तर तें न घटतां जातें. अशा कामीं ही सोय अवश्य वापरावी.

याच्या उलट चूकहि घडते. लहान चित्र ताणून मोठें केलें म्हणजे तें स्पष्ट होईल अशी आशा व्यर्थ आहे. रांगोळीचे दहा ठिपके दूर दूर मांडल्यानें नक्षी वाढत नाहीं. आलेलें चित्र पुन्हां पुन्हां पुढें धाडणें व दर वेळीं तें नव्यानें कापून जतन करणें यानेंहि तें झिजत जातें. कारण छायाचित्रांसाठीं वापरला जाणारा जेपेग हा प्रकार जागा वांचविण्यासाठीं दर खेपेस बारीक तपशील टाकून देतो. छायाचित्रांना तो शोभतो. अक्षरांच्या कांठांभोंवतीं मात्र तो धुरकट ठिपके उठवितो. म्हणून पत्रिका, पत्रक, तक्ता अशीं अक्षरप्रधान चित्रें पीएनजी या प्रकारांत ठेवावीं. त्यांत तपशील गळत नाहीं.

देवनागरी अक्षरांचा येथें स्वतंत्र विचार केला पाहिजे. रोमन लिपीसाठीं केलेला आराखडा उचलून त्यांत मराठी मजकूर भरला तर तो गुदमरतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार. खालीं उकार व जोडाक्षरांचे पाय. दोन ओळींत पुरेसें अंतर नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. अक्षरांच्या उंचीसाठीं एक सोपा हिशेब आहे. फोनचा पडदा साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रांत ५४ पिक्सेल उंचीचें अक्षर, म्हणजे रुंदीच्या विसाव्या हिश्श्याएवढें, पडद्यावर सुमारें सव्वातीन मिलिमीटरांचें दिसतें. तें चाळिशी लागलेल्या वाचकालाहि वाचतां येतें. याहून लहान अक्षर लिहावें लागत असेल, तर दोष मापाचा नसून मजकूर जास्त झाला आहे, असें समजावें व तो कमी करावा किंवा दोन चित्रांत विभागावा.

या सर्व विवेचनाचें सार कामाच्या क्रमांत सांगतां येईल. चित्रांतील कोणती गोष्ट गमावतां कामा नये, हें प्रथम ठरवावें. चित्र कोठें दिसणार व तेथील चौकट उभी कीं आडवी, हें त्यानंतर पाहावें. मग चित्र काढावें, आणि कांठावर थोडी मोकळी जागा सोडून काढावें. मूळ चित्र न कापतां जपून ठेवावें आणि प्रत्येक चौकटीसाठीं त्याची वेगळी प्रत करावी. पाठविण्यापूर्वीं ती प्रत मोठ्या पडद्यावर न पाहतां लहान फोनवर पाहावी, कारण पाहणारे बहुतेक लोक तेथेंच पाहणार. मूळ जपण्याचें महत्त्व जानेवारी २०२५ मध्यें पुष्कळांस कळलें असेल. त्या महिन्यांत इन्स्टाग्रामनें वापरणाराच्या पानावरील चौरस खिडक्या बदलून तिनास चार या प्रमाणाच्या उभ्या केल्या. वर्षानुवर्षें चौरसाच्या हिशेबानें मांडून ठेवलेलीं चित्रें एका रात्रींत बाजूंनीं कापलेलीं दिसूं लागलीं. ज्यांच्याजवळ मूळ चित्रें होतीं त्यांना नव्या प्रति करतां आल्या. ज्यांनीं कापलेलीच प्रत राखली होती त्यांना गेलेला भाग परत मिळविण्याचा मार्ग उरला नव्हता.

चौकटी पुढेंहि बदलतील. त्या बदलण्याचा अधिकार ज्यांनीं त्या केल्या त्यांच्या हातीं आहे. चित्रांत काय राहिलें पाहिजे हें ठरविण्याचा अधिकार मात्र चित्र काढणाराचा आहे. त्यानें तो वापरला नाहीं, तर यंत्र आपल्या रीतीनें मध्यभाग ठेवील आणि कांठ टाकील. कांठावर कोण उभें आहे, तारीख कोठें लिहिली आहे आणि पानाची शीर कोणत्या बाजूस पिवळी पडली आहे, हें त्याला ठाऊक नसतें. रिठदच्या शाळेंत रांगेच्या टोकाला कोणतें मूल उभें होतें, हें तेथल्या माणसांनाच ठाऊक. म्हणून कापण्याचा निर्णयहि त्यांनींच घेतलेला बरा.